माशाला रवा लावता की तांदळाचं पीठ?

१६ मेचा आंतरराष्ट्रीय सिलिअ‍ॅक दिन नेमका सुट्टीच्या हंगामात येतो. हिरव्या रोषणाईचे फोटो आले, पोटविकारतज्ज्ञांच्या मुलाखती झाल्या, ‘ग्लुटेन म्हणजे काय’ची चौकटही सगळीकडे छापून झाली. ती इथे पुन्हा छापत नाही. ज्या घरात एका माणसाचा गहू कायमचा बंद झालाय, त्या घराला ग्लुटेनची व्याख्या पाठ असते. त्यांचा प्रश्न वेगळाच असतो. तारकर्लीला खोली बुक झालीय, घरचा डबा फार तर पहिल्या रात्रीपर्यंत पुरेल, पुढे लेकीने काय खायचं?

सिलिअ‍ॅक या आजाराला औषध नाही. गहू, जव आणि राय ही धान्यं आयुष्यभर टाळणं हाच उपचार. आणि हॉटेलच्या दृष्टीने पाहिलं तर हा आजार फार गैरसोयीचा आहे, कारण तो गाजावाजा करत नाही. शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी असलेला माणूस टेबलावरच कासावीस होतो, मालक धावत येतो, पुढच्या वेळी आचारी काळजी घेतो. सिलिअ‍ॅकच्या माणसाचं पोट बिघडतं ते खोलीवर गेल्यावर, कधी दुसऱ्या दिवशी. काहींना तर जाणवतही नाही, लहान आतड्याचं अस्तर मात्र आतल्या आत झिजत राहतं. त्यामुळे आपण दिलेला ‘हो’ चुकीचा होता, हे वेटरला कधी कळतच नाही.

त्यातून ‘ग्लुटेन-फ्री’ हा शब्द आता फॅशनमध्ये आलाय. टेनिसपटू नोव्हाक जोकोविचने २०१३मध्ये आपल्या आहारावर पुस्तक लिहिलं आणि ग्लुटेन सोडणं हे तंदुरुस्तीचं व्रत झालं. याचा फायदा खऱ्या रुग्णांना झाला, हे नाकारता येणार नाही. मोठ्या शहरांत ज्वारीचे नूडल्स आणि बदामाच्या पिठाचे केक मिळू लागले ते काही रुग्णांची कणव येऊन नव्हे. पण तोटाही त्याच मापाचा आहे. ‘वजन कमी करायचंय’ म्हणून ग्लुटेन-फ्री मागणारं गिऱ्हाईक शेवटी समोरच्याच्या ताटातला ब्राउनीचा तुकडा उचलतं. हे रोज पाहणारा वेटर पुढच्या टेबलावरच्या मुलीचं म्हणणं गांभीर्याने का घेईल? मला तर वाटतं, मेनूकार्डावरच्या गव्हाच्या कणसावर फुली मारलेल्या त्या चित्राने जितकी निश्चिंती दिली, तितकाच घातही केला. ते चित्र पदार्थाबद्दल बोलतं. धोका असतो तो तव्यात, कढईत आणि झाऱ्यात.

आकडे पाहिले की हे पटतं. ‘ग्लुटेन-फ्री’ म्हणण्याची मर्यादा आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणेच ठेवलीय : एका किलोत २० मिलिग्रॅम. अभ्यासकांनी रुग्णांवर तपासून पाहिलं तेव्हा दिवसाला ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने पोटात जात राहिलं तरी आतड्याला इजा दिसली. ५० मिलिग्रॅम म्हणजे अंदाजे अर्धा ग्रॅम कणीक. पोळी लाटताना पोळपाटावर जी पिठी उरते, तिच्यातसुद्धा याहून जास्त भरेल. तेव्हा ज्या तव्यावर आत्ताच पराठा उतरला, त्याच तव्यावर आलेली आंबोळी कागदावर कितीही निर्दोष असली तरी तिचा भरवसा नाही.

आता तारकर्लीकडे.

कोकण आणि गोवा हा खरं तर या रुग्णांचा प्रदेश. भात, तांदळाची भाकरी, घावणे, आंबोळी, नारळाच्या रसातल्या तांदळाच्या शेवया, उकडीचे मोदक, पातोळ्या, सोलकढी. गोव्यात सान्ना. माशाची आमटी तर नारळ, मिरची, धणे आणि आंबटाला कोकम, चिंच किंवा तिरफळांच्या जोडीला कैरी यांवरच उभी असते. तिला दाटपणासाठी पीठ लागत नाही. म्हणजे पाककृतीच्या पातळीवर मालवणी थाळी मुंबईतल्या कुठल्याही महागड्या ‘हेल्थ कॅफे’पेक्षा जास्त निर्धोक.

मग घोळ कुठे होतो? तळलेल्या तुकडीत. सुरमई, पापलेट, बांगडा रव्यात घोळवून तळायची पद्धत हॉटेलांनी इतकी रुजवलीय की ‘रवा फ्राय’ हे मेनूवरचं नावच झालंय. घरी अनेक जण तांदळाचं पीठच लावतात. हॉटेलला कुरकुरीतपणा टिकवायचा असतो, म्हणून रवा. तुम्ही ‘रवा नको’ म्हणालात तर तुमच्या तुकडीला लागणार नाही, पण ती ज्या तेलात पडेल त्यात सकाळपासून रवा जळत असतो. म्हणून लेखाच्या मथळ्यातला प्रश्न अर्धाच आहे. उरलेला अर्धा असा : ‘काका, आमचा मासा वेगळ्या तव्यावर, नव्या तेलात परतून द्याल का?’ छोट्या खानावळीत हे होतं. शंभर माणसांच्या रांगेत होत नाही. त्यासाठी दुपारी दीड वाजता जाऊन विचारण्यात अर्थ नाही. सकाळी दहा-साडेदहाला फोन करून सांगावं आणि साडेबाराला, तेल ताजं असताना, जाऊन बसावं.

दुसरा घोळ कोंबडी-वड्यांचा. वड्यांचं पीठ म्हणजे तांदूळ, उडीद, हरभऱ्याची डाळ, धणे, मेथी, ही झाली आठवणीतली यादी. घरोघरी त्यात मूठभर गहू पडतो, कुठे ज्वारी पडते, आणि प्रत्येक घराला आपलंच प्रमाण अस्सल वाटतं. थालीपिठाच्या भाजणीचंही तेच. तिच्यात गहू असतोच असं धरून चालावं. वडे सोडावेत, भाकरी घ्यावी. भाकरीसाठी पिठी कुठली लावली तेही विचारावं, कारण वर्दळीच्या हॉटेलात परातीशेजारी कणकेचा डबा उघडाच असतो.

देशावर आलं की भाकरी ज्वारी-बाजरीची होते आणि एक प्रश्न वाढतो, तो गिरणीचा. गव्हानंतर त्याच जात्यावर ज्वारी पडली तर पहिलं पीठ मिश्र येणार, हे आपल्या आज्यांना पक्कं ठाऊक होतं. ‘गव्हावर दळू नको रे, ज्वारीवर दळ’ असं त्या गिरणीवाल्याला बजावायच्या. त्यामागे सिलिअ‍ॅक नव्हता, भाकरी नीट थापली जावी एवढाच हेतू होता. कोल्हापूरचा तांबडा-पांढरा रस्सा, पिठलं, भरली वांगी, ठेचा हे सगळं तत्त्वतः चालणारं. भाकरीचं पीठ कुठून आलं त्यावर सगळं अवलंबून. तांदूळ खाणाऱ्या गावातली गिरणी त्या मानाने बरी, तिथे तांदळावर तांदूळच पडत राहतो.

आणि आता माझ्या आवडीच्या संशयिताकडे वळतो. हिंग.

आपण ज्याला हिंग म्हणतो ती बहुतेक वेळा भेसळ नसलेली, पण मिसळ असते. अस्सल हिंग हा फेरुला जातीच्या झाडाच्या मुळातून पाझरणारा चीक. अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तान इथून तो येतो. आपल्याकडे लागवडीचा पहिला अधिकृत प्रयत्न झाला तो ऑक्टोबर २०२०मध्ये, हिमाचलातल्या लाहौलच्या खोऱ्यात, पालमपूरच्या सीएसआयआरच्या संस्थेने रोपं लावून. जगात सगळ्यात जास्त हिंग फोडणीत घालणाऱ्या देशाने तोवर त्याची अधिकृत लागवड केली नव्हती, ही गंमत आहेच. तर हा चीक इतका उग्र आणि चिकट असतो की तसाच वापरता येत नाही. उत्तर प्रदेशातल्या हाथरससारख्या गावांत तो मैदा किंवा तांदळाचं पीठ आणि डिंक यांत मळून, वाळवून बाजारात येतो. डबीवरचा बारीक मजकूर वाचा. ‘खाद्य स्टार्च’ किंवा ‘गव्हाचं पीठ’ लिहिलेलं दिसेल. म्हणजे ज्या आमटीत गव्हाचा कणही नाही अशी शपथ आचारी घेईल, तिच्यात फोडणीतून मैदा उतरलेला असतो. सांबारात, मठ्ठ्यात, कैरीच्या लोणच्यात, उडदाच्या पापडात, तयार मसाल्यांत, सगळीकडे.

रुग्णांच्या गप्पांमध्ये हिंगाचा विषय निघाला की वातावरण तंग होतं. काहींनी त्यापायी बाहेरची डाळ कायमची सोडलीय. इथे थोडा हिशेब करून बघू. चिमूटभर हिंग पाव ग्रॅम धरा, त्यात निम्मा मैदा धरा, मैद्यात दहा टक्के ग्लुटेन धरा. कढईत पडलं बारा-तेरा मिलिग्रॅम, आणि कढई दहा माणसांची असेल तर एका वाटीत एक मिलिग्रॅमच्या आसपास. याउलट रव्यात घोळवलेल्या एका तुकडीला पाच ग्रॅम रवा चिकटला तर ग्लुटेन होतं ५०० मिलिग्रॅम. हिंगाला घाबरून आमटी नाकारायची आणि रवा जळलेल्या तेलातला पापलेट बिनधास्त खायचा, हा उलटा न्याय झाला. अर्थात हॉटेलचा हात सढळ असतो, हिंग दिवसातून पाच पदार्थांतून येतो, आणि डॉक्टर ‘गव्हाचा हिंग टाळा’च म्हणतात, ते योग्यच. तांदळाच्या पिठात मळलेला हिंग दुकानात मिळतो. त्याची डबी सोबत ठेवून ‘मावशी, फोडणीला हा घाला’ म्हणण्यात संकोच कसला? माझं म्हणणं एवढंच की भीतीसुद्धा प्रमाणशीर असावी.

हिंगाचा विचार करता करताच एक गोष्ट लक्षात येते, आणि ती मला या विषयातली सगळ्यात कामाची वाटते. आपल्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरात एक जागा अशी आहे जिथे गहू नाही, मैदा नाही, रवा नाही आणि हिंगही नाही. उपवासाचे पदार्थ. साबुदाणा, वरई, राजगिरा, शिंगाडा, रताळं, बटाटा, दाण्याचं कूट. फोडणी तुपात जिऱ्याची. हळद, मोहरी, हिंग उपवासाला चालत नाहीत. वरईचे तांदूळ आणि दाण्याची आमटी ही तर अशा माणसासाठी योजून केलेली थाळी वाटावी.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे ‘लागलेलं चालत नाही’ ही कल्पना इथल्या आचाऱ्याला नव्याने शिकवावी लागत नाही. ग्लुटेन-फ्री म्हणालात तर तो पदार्थातून पाव काढून देईल. ‘उपवासाचं आहे, चमचा दुसरा घ्या’ म्हणालात तर तो झारा धुतो, हातही धुतो, आणि शेजारच्या पोऱ्यावर ओरडतोसुद्धा. जैन जेवणाचंही तेच. कांदा-लसणाचा हात लागू नये यासाठी वेगळी भांडी ठेवणारी हॉटेलं आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. परदेशात ज्या गोष्टीसाठी प्रशिक्षण द्यावं लागतं, ती शिस्त आपण सोवळ्यात आणि व्रतात आधीच राखून ठेवलीय. ती आतड्याच्या कामी आणायला काय हरकत?

एक हरकत आहे, आणि ती मोठी आहे. उपवास हे निमित्त झालं, तिथे पळवाटा असतात. एकादशीच्या गर्दीत साबुदाणा वडा बटाटेवड्याच्या कढईत पडतो. बटाटेवडा बेसनाचा म्हणून तो एकवेळ ठीक, पण त्याच तेलात समोसाही तळलेला असतो. ‘थोडंसं चालतं हो, मनात भाव पाहिजे’ असं म्हणणारा मालकही भेटतो. देव क्षमा करेल, आतडं करणार नाही. म्हणून उपवासाचं नाव घेऊन खोटं बोलण्यापेक्षा खरं कारण सांगून उपवासाचा दाखला द्यावा : ‘मुलीला गव्हाचा आजार आहे, औषध नाही, उपवासाला जसं पाळता तसं पाळा.’ हे वाक्य कुठल्याही छापील कार्डापेक्षा नीट पोहोचतं. आणि साबुदाण्यावर आठवडा काढता येत नाही हेही खरंच. ही अडीअडचणीची थाळी आहे, आहार नव्हे.

उत्तर भारतात फिरताना हाच धागा ‘व्रत की थाली’च्या रूपाने हाती लागतो, नवरात्रात तर रेल्वेच्या ई-केटरिंगमध्येही. एरवी मात्र उत्तरेत जपून. दाल-बाटीतली बाटी गव्हाची हे सांगायला नको, पण मक्याची रोटी ज्या तंदुरात किंवा तव्यावर येते तिथे दिवसभर नानच भाजले जातात. तिकडचे डॉक्टर मात्र या आजाराला जास्त सरावलेले, आणि त्याचं कारण ताटातच आहे. २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत तेवीस हजारांवर प्रौढांच्या तपासण्या झाल्या. रक्तात या आजाराची प्रतिपिंडं सापडण्याचं प्रमाण उत्तरेत निघालं १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७, दक्षिणेत ०.१०. आजाराला अनुकूल जनुकं तिन्हीकडे जवळपास सारखीच. फरक होता तो गव्हात. उत्तरेतला माणूस दिवसाला सुमारे ४५५ ग्रॅम गहू खात होता, दक्षिणेतला २५. दक्षिणेतल्या वेटरला हा आजार ठाऊक नसतो तो असा, आणि तरी त्याच्याकडचं जेवण आपोआप जमून जातं : इडली, अप्पम, पुट्टू, इडिअप्पम. रवा इडली, रवा डोसा आणि परोट्याचा तवा एवढं टाळलं की निम्मं काम झालं.

गुजरातेत ढोकळ्याला फसू नये, त्यात रवा सर्रास असतो. बंगालात मासा-भात उत्तम, फिश फ्रायवर मात्र ब्रेडचा चुरा. मिठाईत गुलाबजाम नको, श्रीखंड-बासुंदी चालेल. चायनीजच्या गाडीपासून दूरच राहावं. सोया सॉसमध्येच गहू असतो आणि कढई एकच.

परदेशी सहलीचं काय? इथे एक उलटापालट आहे. पास्ता आणि पिझ्झाचा देश इटली हा या रुग्णांना सगळ्यात सोयीचा ठरतो. तिथली रुग्णसंघटना १९७९पासून काम करतेय. २००५च्या कायद्याने रुग्णांना ग्लुटेनमुक्त पदार्थांसाठी सरकारी मदत मिळते, शाळा, रुग्णालयं आणि सरकारी उपाहारगृहांत मागितल्यास तसं जेवण द्यावं लागतं. संघटना हॉटेलवाल्यांना प्रशिक्षण देते आणि त्यांची यादी ठेवते. २०२३मध्ये तर मुलांची सरसकट तपासणी करण्याचा कायदाही झाला. जिथे हवेतच मैदा उडतो तिथे आचाऱ्याला धोका कळतो, भाताच्या देशात तो कोणाच्या ध्यानीमनीही नसतो. युरोपीय संघात डिसेंबर २०१४पासून हॉटेलांनाही पदार्थातल्या अ‍ॅलर्जीकारक घटकांची माहिती द्यावीच लागते.

आपल्याकडचा नियम मजेशीर आहे. मेनूवर कॅलरी आणि अ‍ॅलर्जीची माहिती द्यायचं बंधन दहा किंवा अधिक शाखा असलेल्या साखळ्यांना आणि केंद्रीय परवानाधारकांना. म्हणजे बर्गरच्या दुकानात फलक दिसेल, जिथे तुम्हाला खायला फारसं काही नाही. आणि मालवणातल्या ज्या खानावळीत ऐंशी टक्के थाळी चालण्यासारखी आहे, तिथे फलक नाही. प्रत्येक खानावळीला प्रयोगशाळेचा दाखला मागावा असं माझं म्हणणं नाही, ते धंदाच बंद पाडेल. पण पर्यटनाच्या नावाने जी न्याहारी-निवास प्रशिक्षणं होतात, त्यात स्वच्छतेच्या तासाला हा अर्धा तास जोडायला पैसा लागत नाही.

टूर कंपन्यांनाही एक विचारायचं आहे. फॉर्मवर शाकाहारी, मांसाहारी, जैन असे रकाने असतात. सोबत मराठी आचारी नेणाऱ्या, बर्फात पुरणपोळी वाढणाऱ्या कंपन्यांना चौथा रकाना जड का जावा? विमान कंपन्यांनी तो कधीच केलाय. ‘जीएफएमएल’ या सांकेतिक अक्षरांनी असं जेवण नोंदवता येतं, फक्त उड्डाणाच्या किमान दिवसभर आधी सांगावं लागतं, आणि परतीच्या विमानासाठी वेगळं सांगावं लागतं. हॉटेलातल्या बुफेबद्दल एवढंच : सगळ्यांच्या आधी जावं. नऊनंतर उपम्याचा चमचा पोह्यांत आलेला असतो, आणि टोस्टर तर सगळ्यांचा एकच.

हे वाचून आजच गहू सोडायचा बेत कोणी करत असेल तर थांबावं. तपासणीआधी गहू बंद केला तर रक्तातल्या खुणा आणि आतड्यातली इजा दोन्ही पुसट होतात आणि निदान चुकतं. आधी डॉक्टर, मग भाकरी.

राहिला वेटरशी संवाद. ‘ग्लुटेन’ हा शब्द उच्चारून वेळ घालवू नका. गहू, कणीक, मैदा, रवा, लापशी, शेवया, पाव, टोस्टचा चुरा, जव, सोया सॉस, अशी पदार्थांची नावं घ्या; आणि त्याला ‘आहे का?’ विचारण्याऐवजी ‘कसं करता?’ विचारा. ‘आहे का’ला ‘नाही’ एवढंच उत्तर येतं, ‘कसं करता’ला अख्खी कृती येते आणि रवा त्यात आपोआप सापडतो. वेटर अडखळला तर आत जाऊन आचाऱ्याशीच बोलावं. कोकणात ते सोपं, तिथे आचारी बहुधा मालकीणच असते आणि मालकीणबाईंना आपल्या वाटणाबद्दल बोलायला आवडतं.

गोव्यातून निघताना खाऊ घ्यायचा तर बिबिंका नको, तिच्यात मैदा असतो. दोदोल घ्यावा, तो तांदळाच्या पिठाचा, गुळाचा आणि नारळाच्या दुधाचा. फक्त दुकानदाराला पाकिटावरची यादी दाखवायला सांगावी. आणि मोठ्यांच्या टेबलावरचा प्रश्न कोणी ना कोणी विचारणारच म्हणून सांगतो : फेणी काजूची किंवा माडाची, ती चालते. बिअर जवाची, ती नाही.